सहा सेकंदांत नाव बसत नाही म्हणे

आत्याचे दोन्ही डोळे काचबिंदूने नेले. उजेड-अंधार कळतो, कुणी समोर येऊन उभं राहिलं तर सावली हलल्याचं कळतं, त्यापलीकडे काही नाही. ठाण्यात, पाचपाखाडीला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहते. वय एक्याऐंशी, कान मात्र अजून तिखट. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आता फोन उशाशी ठेवून दिवसभर गाणी ऐकते. पैसे न भरता चालणारं ॲप आहे, त्यामुळे दर दोन-तीन गाण्यांनंतर जाहिरात लागते. त्याबद्दल तिची तक्रार नसते. जाहिरातसुद्धा ती पूर्ण ऐकते.

२०२४ ची गोष्ट. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं. त्याच्या साधारण आठवडाभर आधी संध्याकाळी मी तिला मेथी निवडून द्यायला खाली गेले, तर म्हणाली, "आज दुपारी दोनदा बोललीस माझ्याशी."

"मी? मी दिवसभर स्टुडिओत होते."

"फोनात गं. गाण्यांच्या मधे. नळ कोरडा म्हणालीस. तुझा 'ळ' मला कळणार नाही होय?" मग जरा थांबून, "कुणी लावलंय ते? महापालिकेने, का निवडणूक आयोगाने? आणि एक सांग, शेवटी तू काहीतरी बोलणार होतीस आणि लाइन तुटली. काय बोलणार होतीस?"

मी आवाजाचं काम करते. नौपाड्यात एका जुन्या इमारतीत दहा बाय अकराची खोली आहे, भिंतींना फोम, दाराला आईच्या दोन गोधड्या. खालची पिठाची गिरणी दुपारी बंद असते तेव्हा रेकॉर्डिंग करायचं. शाळांच्या स्नेहसंमेलनाचं निवेदन, साड्यांच्या दुकानांचे स्पॉट, 'मराठीसाठी दोन दाबा' वगैरे, आणि निवडणूक आली की प्रचार. बावीस वर्षं हेच करतेय. कुठल्याही एका पक्षाची मी नाही. ज्याची संहिता सभ्य, त्याचं काम घेते.

ती संहिता मला आठवत होती. एका एजन्सीकडून आली होती, दहा सेकंदांची. "नळ कोरडा, टँकर दारात. आणखी किती दिवस? या वेळी विचार करून मत द्या." आणि त्यानंतर एक ओळ, ही जाहिरात कोणाच्या वतीने आहे ती सांगणारी. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना टँकर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, त्यामुळे मजकूर नेमका होता. मी तीन टेक दिले, दुसरा ठेवला, फाइल पाठवली, पैसे आले.

त्या रात्री आत्याच्या शेजारी बसून मी ती जाहिरात पुन्हा लागायची वाट पाहिली. सात गाणी झाली. मग आली. नळ, टँकर, किती दिवस, विचार करून मत द्या. आणि त्यानंतर, अगदी टोकाला, माझा श्वास. अर्धा. पुढची ओळ बोलण्याआधी मी जो श्वास घेतला होता, त्याच्या मध्यावर कोणीतरी कात्री चालवली होती. लगेच पुढचं गाणं सुरू झालं.

स्टुडिओत जाऊन मूळ फाइल उघडली. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आवाज स्क्रीनवर डोंगररांगेसारखा दिसतो. बोललेला भाग म्हणजे डोंगर, गप्प राहिलेला भाग म्हणजे सपाट रेघ, आणि श्वास म्हणजे त्या रेघेवर आलेली बारीक लव. शेवटच्या दोन डोंगरांच्या मधे अशी लव होती. तिच्या अलीकडे मतदाराला सांगितलेलं सगळं, तिच्या पलीकडे सांगणाऱ्याचं नाव. कापणाऱ्याने बरोबर सहा सेकंदांवर रेघ मारली होती. श्वास पुसायचंही त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी एजन्सीत फोन केला. तिथला मुलगा नीट बोलणारा आहे, त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, "मॅडम, स्लॉट सहा सेकंदांचाच मिळाला. नाव बसत नव्हतं. पण बॅनरवर आहे ना खाली."

बॅनर म्हणजे जाहिरात वाजत असताना फोनच्या पडद्यावर येणारं छोटं चित्र. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत नाव होतं म्हणे. आत्याच्या फोनचा पडदा उशीच्या अभ्र्याला टेकलेला असतो. पण हे काही एकट्या आत्याचं नाही. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये कानात बोंडं घालून उभा असलेला माणूस फोन खिशात ठेवतो, कारण हात वरच्या कडीला असतो. पोळ्या लाटणारी बाई फोन डब्यांवर टेकवून ठेवते. रिक्षावाला, शिलाई मशिनवरचा कारागीर, रात्रपाळीचा वॉचमन, ह्या सगळ्यांच्या कानांना काम असतं म्हणून नाही, डोळ्यांना काम असतं म्हणून ते गाणी ऐकतात. ज्याचे डोळे मोकळे नाहीत त्यालाच ही जाहिरात विकली जाते, आणि नाव मात्र डोळ्यांसाठी ठेवलं जातं. हे मला तेव्हापासून सलतंय.

नाव गेल्यामुळे काय झालं ते आत्याच्या प्रश्नात आहे. तिला ती सरकारी सूचना वाटली. 'विचार करून मत द्या' हे वाक्य निवडणूक आयोगही म्हणू शकतो, जिल्हाधिकारी कार्यालयही म्हणू शकतं. आणि आवाज माझा, जो ह्याच शहरात बँकेच्या फोनवर आणि शाळांच्या कार्यक्रमांत लोकांनी ऐकलेला आहे. नाव नसलेल्या सहा सेकंदांना ऐकणारा स्वतःच एक मालक शोधून देतो, आणि तो बहुधा विश्वासाचा असतो. भोंगा लावलेल्या रिक्षेचा हा प्रश्न नसतो. तिथे उमेदवाराचं नाव आणि निशाणी दर वाक्याला येतात. नाव हीच तिथली जाहिरात. नाव गाळायची सोय होते ती दुसऱ्यावर बोट दाखवणाऱ्या जाहिरातीत. अशा जाहिरातीत कोण बोलतंय हे कळणं सगळ्यात गरजेचं, आणि नेमकं तिथेच ते नसलं तरी वाक्य पूर्ण वाटतं.

आत्या तिच्या नोकरीतलं सांगते. ट्रंक कॉलचे दिवस. नागपूरहून कुणी ठाण्यातल्या माणसासाठी कॉल बुक केला की लाइन जोडण्याआधी ऑपरेटर म्हणायची, "नागपूरहून कॉल आहे, अमुक बोलणार आहेत, देऊ का?" पलीकडून हो आलं की मगच जोडायचं. तीन मिनिटांचे पैसे लागायचे, लोक सेकंद मोजून बोलायचे, पण नाव आधी सांगायचं हे कधी सुटलं नाही. "नाव ऐकल्यावर माणूस कान कसे लावायचे ते ठरवतो," हे आत्याचं म्हणणं. भावाचा कॉल असेल तर एक, सावकाराचा असेल तर दुसरं.

त्यानंतर मी ह्या विषयातलं जे मिळेल ते वाचत गेले. वकील नाही, पण जे धंद्यात रोज हाताखालून जातं त्याचे नियम आपल्याला ठाऊक नव्हते ह्याची लाज वाटली.

कागदाचा नियम जुना आणि स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२७-अ. निवडणुकीचं पत्रक किंवा पोस्टर छापायचं तर त्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. छापखानेवाल्याने प्रकाशकाकडून सही केलेलं, दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र घ्यायचं आणि छपाईनंतर एक प्रत प्रशासनाकडे पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या स्टुडिओच्या गल्लीत एक छापखाना आहे. निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्याकडचं हातभर लांबीचं असो की पोस्टकार्डाएवढं असो, प्रत्येक पत्रकाच्या तळाशी ती ओळ असते. पत्रक लहान आहे म्हणून ओळ बसली नाही, असं त्या मालकांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. जागा कमी पडली तर ते वरची घोषणा लहान करतात.

आवाजासाठी असा तळ नाही. तिथे दुसरा रस्ता आहे, आधी तपासून घेण्याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने टीव्ही आणि केबलवरच्या राजकीय जाहिराती प्रसारणापूर्वी प्रमाणित करून घेणं सक्तीचं झालं. पुढे रेडिओ, फोनवरचे ध्वनिसंदेश, आणि २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांनी समाजमाध्यमं आणि इंटरनेट, सगळं त्याखाली आलं. जिल्ह्यात माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समिती असते. तिच्याकडे जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता द्यायची, निर्मितीचा आणि प्रसारणाचा खर्च लिहून द्यायचा. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवारांनी निदान तीन दिवस आधी, बाकीच्यांनी सात दिवस आधी.

ही व्यवस्था मला मोलाची वाटते. पण ती अधिकाऱ्याला सांगते, ऐकणाऱ्याला सांगत नाही. खर्च कोणाचा हे फायलीत लिहिलेलं असतं, आत्याच्या कानात येत नाही. बावीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या एकाही प्रचाराच्या संहितेत प्रमाणपत्राचा नंबर वाचायला दिलेला नव्हता. आणि आणखी एक भोक आहे, ते कात्री हातात धरणाऱ्यालाच दिसेल. दहा सेकंदांची संहिता प्रमाणित करून घेतली आणि सहा सेकंदांचा तुकडा वाजवला, तर तो तुकडा म्हणजे वेगळी जाहिरात आहे. शब्द तेच असले तरी, बोलणारा काढून टाकलेली. लांबी बदलली की प्रमाणपत्र नव्याने घ्यायला हवं, इतकं साधं ते आहे.

खर्चाचा मुद्दाही ह्याच नावाशी बांधलेला आहे. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात चाळीस लाखांची मर्यादा आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याने त्याच्या प्रचारावर पैसे खर्च करणं हा गुन्हा आहे. नाव नसलेला स्पॉट कोणाच्या हिशेबात टाकायचा? ऐकणाऱ्याला नावच कळलं नाही तर तो तक्रार तरी कोणाविरुद्ध करणार?

सहा सेकंदांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे, आणि मला ती टाळायची नाही. त्या एजन्सीतल्या मुलानेच ती मांडली. लांब जाहिरात महाग. पैसेवाला पक्ष तीस सेकंद घेईल, त्यात नाव आरामात बसेल. एखादी अपक्ष, वॉर्डात काम केलेली बाई, तिला सहा सेकंदच परवडतात. त्यातली तीन नियमाने नावाला काढून घेतली तर ती बोलणार काय? "तुमचा नियम गरिबाला गप्प करेल, मॅडम." हा मुद्दा मी कित्येक दिवस डोक्यात घोळवला.

अमेरिकेत ह्याच प्रश्नावर बरीच वर्षं खल चालला आहे. तिथल्या २००२ च्या कायद्याने उमेदवाराला टीव्ही-रेडिओच्या जाहिरातीत स्वतःच्या आवाजात आपली संमती सांगावी लागते. क्लब फॉर ग्रोथ नावाच्या गटाने तिथल्या केंद्रीय निवडणूक आयोगाला विचारलं होतं की, आमच्या टीव्हीवरच्या जाहिराती दहा आणि पंधरा सेकंदांच्याच आहेत, तर जाहिरात कोणाची हे बोलून सांगायचं निवेदन छोटं केलं तर चालेल का? आयोगाने नाही म्हणून सांगितलं; पूर्ण बोला. इंटरनेटसाठी मात्र १ डिसेंबर २०२२ ला नवे नियम मंजूर झाले आणि १ मार्च २०२३ पासून लागू झाले. त्यात सवलत आहे. पूर्ण निवेदनाने जाहिरातीचा पंचवीस टक्क्यांहून जास्त भाग खाल्ला, तर छोटं निवेदन जाहिरातीवर आणि बाकीचं एका क्लिकवर ठेवता येतं. नुसत्या आवाजाची जाहिरात असेल, चित्र-अक्षर काहीच नसेल, तर निवेदन आवाजातच हवं, हेही त्यात आहे.

पण ती सवलत अक्षरांच्या आणि जागेच्या मर्यादेसाठी लिहिलेली आहे. इथे मी अडखळले. आवाजाला जागा नसते, वेळ असतो. चित्राच्या पाव भागात नाव लिहिलं तर ते मी हवं तितका वेळ वाचू शकते, फोन जवळ धरून, चष्मा लावून. आवाजाचा पाव भाग आला आणि गेला. सहा सेकंदांचा पाव म्हणजे दीड सेकंद.

म्हणून मी मोजलं. एका दुपारी गिरणी बंद झाल्यावर माईकसमोर बसले. "या जाहिरातीचा खर्च," मग एक काल्पनिक नाव-आडनाव, "यांनी केला आहे." माझ्या नेहमीच्या वेगाने तीन पूर्णांक एक सेकंद. तेच वाक्य पळवून दीड सेकंदात बसवलं. मग तिसरं, छोटं केलेलं: "खर्च," आणि नाव-आडनाव, बस्स. न पळवता एक पूर्णांक सहा सेकंद. तिन्ही फाइली गाण्यांच्या मधे घालून आत्याला ऐकवल्या, काही न सांगता. पळवलेल्यातून तिला फक्त 'खर्च' हा शब्द कळला, नावाच्या जागी तिने भलतंच आडनाव सांगितलं. तिसऱ्यातून नाव आणि आडनाव दोन्ही बरोबर आली. एक्याऐंशी वर्षांच्या एका बाईवर केलेला हा प्रयोग आहे, त्यापेक्षा मोठा दावा माझा नाही. पण त्या अपक्ष बाईला तीन सेकंद द्यावे लागत नाहीत, दीड-पावणेदोन पुरतात, आणि तिच्या बाबतीत तर नाव सांगणं हाच निम्मा प्रचार आहे, एवढं माझ्यापुरतं स्पष्ट झालं. एजन्सीतल्या मुलालाही मी तिन्ही फाइली पाठवल्या. त्याने तिसरी दोनदा ऐकली आणि "हे बसेल" म्हणाला.

वेगाबद्दल आमच्या धंद्यात एक चांगला नियम आधीपासून आहे. म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीच्या शेवटी बाजारातल्या जोखमीचा जो इशारा असतो, तो एके काळी कुणाला कळूच नये अशा वेगात पळवला जायचा. मग सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, ठरवलं की चौदा शब्दांचा तो इशारा पडद्यावर आणि आवाजात निदान पाच सेकंद चालला पाहिजे, तरच तो स्पष्ट समजला जाईल. मी हा इशारा मराठीत कितीतरी वेळा वाचलाय. रेकॉर्डिंगला फंडाचा माणूस खरोखर घड्याळ घेऊन बसतो. त्यात टक्के नाहीत हे बघा. शब्द मोजलेत आणि सेकंद मोजलेत, कारण हा नियम लिहिणाऱ्याने कानाचा विचार केला होता. हजार रुपयांच्या गुंतवणुकीसाठी हे करता येतं, तर मतासाठी का नाही, हे मला कुणी समजावून सांगावं.

आता हे सगळं पुन्हा लिहायला बसले त्याला कारण घडलं. २४ ऑक्टोबर २०२५ ला, बिहारच्या निवडणुकीच्या तोंडावर, भारत निवडणूक आयोगाने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या किंवा बदललेल्या प्रचारसाहित्याबद्दल सूचना काढल्या. चित्रावर दिसणाऱ्या भागाच्या किमान दहा टक्के लेबल हवं. आवाज असेल तर सुरुवातीच्या दहा टक्के वेळात. फसवं साहित्य आढळलं की तीन तासांत काढायचं. ते कोणी बनवलं त्याचं नाव सोबतच्या माहितीत किंवा ओळीत द्यायचं. त्याच्या दोनच दिवस आधी केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने काढलेल्या नियमांच्या मसुद्यातही तोच दहा टक्क्यांचा आकडा होता.

सूचना वाचून मला आधी बरं वाटलं. माझ्यासारख्यांना हा प्रश्न पोटाचाही आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एकाने मला विचारलं की तुमच्या आवाजाचा अर्धा तास द्या, पुढचं सगळं मशीन बोलेल, दर निवडणुकीला एकरकमी पैसे. मी नाही म्हणाले. तर, लेबल हवंच. पण मग मी गणित केलं. सहा सेकंदांचे दहा टक्के म्हणजे शून्य पूर्णांक सहा सेकंद.

पुन्हा माईकसमोर बसले. 'कृत्रिम' हा एक शब्द, स्वच्छ उच्चारला तर जेमतेम तेवढ्यात संपतो. 'कृत्रिम आवाज' म्हणायला शून्य पूर्णांक नऊ. नाव वगैरे तर सोडूनच द्या. 'कृत्रिम' आणि लगेच 'नळ कोरडा' अशी फाइल जोडून आत्याला ऐकवली. तिने विचारलं, "कसला नळ म्हणालीस आधी?" तिला तो नळाचा प्रकार वाटला.

सूचनेत 'किमान' म्हटलेलं आहे, म्हणजे जास्त वेळ द्यायला कोणी अडवलेलं नाही. पण धंद्यात किमान हेच कमाल होतं. ज्याने सेकंदाला पैसे मोजलेत तो त्यातलं एक दशांशही वाया घालवणार नाही. तीस सेकंदांच्या स्पॉटला दहा टक्के म्हणजे तीन सेकंद, उत्तम. नियम मोडतो तो फक्त अगदी छोट्या जाहिरातीत, आणि इंटरनेटवर दिवसेंदिवस छोटीच जाहिरात खपते. व्हिडिओच्या आधी लागणाऱ्या, वगळता न येणाऱ्या बंपर जाहिराती तर सहा सेकंदांच्याच असतात.

मंत्रालयाच्या मसुद्यावर मी मुदतीत हरकत पाठवली. दीड पान, मराठीत. त्यात तिन्ही फाइलींचे वेळ लिहिले आणि मागणी एवढीच केली की आवाजासाठी टक्के नकोत, सेकंद सांगा. 'निदान दीड सेकंद, बाकीच्या जाहिरातीच्याच वेगात आणि त्याच मोठेपणात' असं काहीतरी. मोठेपणाचं मुद्दाम लिहिलं, कारण नावाच्या ओळीखाली संगीत चढवून ती बुडवणं हे मी माझ्या हातांनी केलेलं आहे, पूर्वी, सांगितलं म्हणून. संगीत सहा डेसिबल वर घेतलं की शब्द असून नसल्यासारखे होतात. नियम पाळल्याचा पुरावा फाइलीत राहतो.

महापालिकांची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा आयोग नाही. राज्य आयोगाचा जाहिरात प्रमाणनाचा स्वतंत्र आदेश आहे. त्यामुळे तेच दीड पान थोडं बदलून मी तिकडेही धाडलं. तेव्हा ठाण्यात आधीची महापालिका निवडणूक २०१७ ला झालेली होती, पलीकडे नवी मुंबईत २०१५ ला. मुदत संपल्यापासून नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. ठाण्यात १३१ जागा, नवी मुंबईत १११, आणि प्रत्येक जागेमागे कितीतरी इच्छुक. एवढ्या मोठ्या गर्दीत रेडिओचे तीस सेकंद कोणाला परवडणार? सगळे फोनवरच्या तुकड्यांकडेच वळणार, आणि तेही पिनकोड निवडून. पाचपाखाडीत एक ऐकू येईल, कोपरखैरण्यात दुसरं. शेजारच्या वॉर्डातल्या माणसाला कळणारही नाही की इकडे काय वाजतंय. पत्रक निदान कचऱ्यात तरी सापडतं. हा तुकडा वाजून गेला की ऐकणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. राहिलंच तर नाव, ते बोललं असेल तर.

मी माझ्यापुरतं दिवाळीनंतर दरपत्रकात एक ओळ घातली आहे. प्रचाराची संहिता असेल तर खर्च करणाऱ्याचं नाव पहिल्या वाक्यात, माझ्याच आवाजात, आणि फाइल कापल्यास लेखी कळवावं. पहिल्या वाक्यात का, तर शेवट कापता येतो हे मी शिकले आहे. सुरुवात कापायला गेलं तर सगळंच नव्याने जुळवावं लागतं. दोघांनी ती ओळ वाचून काम दुसरीकडे नेलं. एकाने "पहिल्याच शब्दात नाव घेतलं तर लोक ऐकायचं थांबवतील" असं कळवलं. थांबवतीलही. तो त्यांचा हक्क आहे, आत्याच्या त्या ट्रंक कॉलवाल्यांना होता तसा.

तिसरा एक इच्छुक आला, आमच्याच भागातला. आठ सेकंदांचा स्पॉट. "खर्च," मग त्याचं नाव, मग मजकूर, पाण्यावरच. गुरुवारी रेकॉर्ड केला. पाठवण्याआधी आत्याकडे नेला, गाण्यांच्या मधे घातला, आणि मी मुकाट बसून राहिले. तो वाजला. तिने पुढचं गाणं थांबवलं, जे ती कधी करत नाही.

"हा आपल्या बाजारपेठेतल्या दुकानवाल्यांचा धाकटा ना?"

"हो."

"त्याचा नंबर लावून दे मला. आपली खालची टाकी मार्चपासून अर्धीच भरते, ते विचारायचंय."

मी नंबर लावला, फोन तिच्या कानाला दिला. पलीकडून हॅलो आल्यावर तिने आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग सोसायटीचं, मग टाकीचं.